गाळ्यातलं ऑफिस दर एप्रिलात का विस्कटतं? छोट्या जागेची, कमी खर्चातली दुरुस्ती

तक्रार सगळीकडे जवळपास एकच असते. दसरा नाहीतर दिवाळी पाडव्याचा मुहूर्त धरून ऑफिस थाटलेलं असतं. दहा बाय बाराचा गाळा, पश्चिमेला शटर, मधोमध टेबल, मागे मालकाची खुर्ची, समोर दोन खुर्च्या, भिंतीला लोखंडी कपाट. संक्रांतीपर्यंत झकास चालतं. होळी पेटली की टेबल हळूच पंख्याखाली येतं. मग कूलर येतो आणि त्याला जागा हवी म्हणून बाकडं बाहेर जातं. कूलरच्या वाऱ्याने कागद उडतात म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर काहीतरी वजन येतं: स्टेपलर, कॅल्क्युलेटर, शटरचं कुलूप. प्रिंटरची वायर पुरत नाही म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड येतो. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, आत शिरायला अंग आडवं करावं लागतं. दिवाळीच्या साफसफाईत सगळं परत जागेवर जातं आणि पुढच्या एप्रिलात पुन्हा तेच.

मालक म्हणतो, "जागाच पुरत नाही दादा, शेजारचा गाळा बघतोय." शेजारचा गाळा घेतलेलेही मी पाहिलेत. दुसऱ्या उन्हाळ्यात तिथेही टेबल सरकलं, फक्त भाडं दुप्पट झालं होतं.

छोट्या ऑफिसांची मांडणी आणि फर्निचर करून देणं हे माझं रोजचं काम. गिऱ्हाईक म्हणजे कर सल्लागार, विमा एजंट, ठिबकचे डीलर, ऑनलाइन फॉर्म भरणारे, रावेर-यावलकडचे केळीचे व्यापारी. त्यातून एक ठाम मत बनलंय: खान्देशात ऑफिसची मांडणी मे महिना डोळ्यासमोर ठेवून करायची. आपल्याकडे मुहूर्त निघतो थंडीत, सुतार येतो थंडीत, टेबल कुठे शोभतं हेही थंडीतच ठरतं. भुसावळ-जळगावात पारा ४४-४५ च्या पुढे गेला की तीच जागा बसण्यासारखी राहत नाही. मग माणूस सरकतो, माणसामागे टेबल, टेबलामागे वायरी आणि कागद. दुरुस्तीही त्याच क्रमाने करायची. आधी ऊन, मग बसण्याची जागा, मग वायरी, आणि कागद सगळ्यात शेवटी. बहुतेक जण कागदापासून सुरुवात करतात, नवं कपाट आणतात, आणि अडचणीत भर घालतात.

आधी हात लावून बघा

उष्णता कुठून येते हे न बघता एसीचं कोटेशन मागवू नका. दुपारी चारच्या सुमाराला स्टुलावर चढून छताला तळहात लावा, मग शटरला, मग पश्चिमेच्या भिंतीला. रात्री नऊला बंद करताना पुन्हा तेच करा. रात्री नऊलाही छत तापलेलं लागलं तर दोष स्लॅबचा. छत कोमट पण शटर आणि पुढची फरशी चटका देतेय, म्हणजे ऊन समोरून घुसतंय. तुमच्या डोक्यावर दुसरा मजला असेल तर छताकडे बघायचीही गरज नाही, सगळा पैसा समोरच्या बाजूला लावा. (कोरोनातली कपाळाला लावायची बंदूक या कामाला आणू नका. बहुतेकींचा पल्ला अंगाच्या तापापुरताच असतो. तळहात पुरतो.)

समोरून येणाऱ्या उन्हाबद्दल एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तोच. त्या वेळचं ऊन छज्जा अडवतो. चारनंतर मात्र सूर्य खाली येतो आणि छज्ज्याखालून सरळ आत शिरतो. शिवाय त्या दिवसांत तो नेमका पश्चिमेला मावळत नाही, वीसेक अंश उत्तरेकडे कलून मावळतो. म्हणून "आमचं शटर उत्तरेला आहे, ऊन यायचं कारण नाही" म्हणणाऱ्याच्या गाळ्यातही संध्याकाळी तिरकं ऊन येतं. छज्जा लांबवून हे थांबत नाही, उभा आडोसा लागतो.

तो आडोसा आपल्याकडे कुठल्याही शेतीच्या दुकानात मिळतो: शेडनेट, ७५ टक्के सावलीची. शटरच्या बाहेर, शटरपासून फूटभर अंतर सोडून, वर-खाली तार ताणून लावायची आणि सकाळी गुंडाळून ठेवता येईल अशी करायची. अंतर सोडणं महत्त्वाचं. जाळी शटरला चिकटली तर जाळी तापते आणि तीच उष्णता पत्र्याला देते. आतून पडदा लावणं हा लोकांचा आवडता उपाय, पण पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन काचेच्या आत आलेलंच असतं. गाळ्याला काचेचं दार बसवायचा मोहही आवरा. पश्चिमेला तोंड असलेल्या गाळ्याला बाहेर सावली नसताना पूर्ण काच लावली, की पाच वाजता आत चहा पुन्हा गरम करावा लागत नाही.

छतच दोषी असेल तर स्लॅबवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग. चुना स्वस्त, पण पावसात धुपतो, दर वर्षी मारावा लागतो; रंग महाग, पण दोन-चार उन्हाळे निघतात. भाड्याच्या जागेत मी चुनाच सुचवतो. छत पत्र्याचं असेल तर खाली सीलिंग हवंच, आणि पत्रा नि सीलिंग यांच्यामध्ये हवेला जायला दोन्ही टोकांना वाट ठेवायची. ती बंद केली तर वरची गरम हवा तिथेच कोंडून राहते. सीलिंगला उघडं थर्माकोल वापरू नका. पेट घेतं, आणि त्याखालून वायरी गेलेल्या असतात.

जुन्या धाब्याच्या घराची ओसरी कुणाला ऑफिससाठी मिळत असेल तर नवा गाळा घेण्याआधी शंभरदा विचार करा. जाड मातीच्या भिंती आणि मातीचं धाबं दुपारभर जो गारवा धरतात तो पत्र्याच्या गाळ्यात विकत घ्यायला दर महिन्याला वीजबिल भरावं लागतं. पार्किंग नसतं हे खरं.

कूलर लावला की प्रिंटर कागद अडकवतो

ही तक्रार प्रिंटर दुरुस्त करणाऱ्याकडे जाते आणि तो बिचारा रोलर पुसून देतो. दोष दमट हवेचा असतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओढतो, तिला ओल देतो आणि गार करतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत १२-१५ अंशांचा फरक सहज पडतो. पण आत आलेली ओली हवा बाहेर गेली पाहिजे. गाळ्याला मागे खिडकी नाही, शटर अर्धं ओढलेलं, कूलर आतच स्टुलावर. मग तो तीच ती हवा पुन्हा पुन्हा ओली करतो. तासाभरात अंग चिकट होतं, कागद मऊ पडतो, कडा वळतात आणि प्रिंटर दोन-दोन पानं एकदम ओढतो. सातबाऱ्याच्या प्रती एकमेकींना चिकटतात. मग मालक कूलर बंद करतो आणि पुन्हा पंख्याखाली सरकतो.

उपाय असा. कूलरचं बूड बाहेर, ओट्यावर, शेडनेटच्या सावलीत. तोंड आत, शटरच्या एका टोकाला. मागच्या भिंतीत छताजवळ झरोका असतो, नसेल तर जागामालकाच्या परवानगीने एक पाडून घ्यायचा, आणि तिथे एक्झॉस्ट पंखा लावायचा. गरम हवा वरच असते, ती आधी जाते. आता वारा समोरून मागे असा एकाच रेषेत वाहतो. त्या रेषेत फक्त ये-जा करायची वाट ठेवायची, कागद आणि प्रिंटर दोन्ही तिच्या बाहेर. कागदाचं रीम वेष्टणातच ठेवून लागेल तेवढंच काढायचं.

एवढं करून जूनअखेर कूलर निकामी होतोच. हवा आधीच दमट झालेली असते, तो तिला आणखी काय गार करणार? त्या पंधरा-वीस दिवसांसाठी एसी घ्यावा का, हा प्रश्न खिशाचा आहे. घ्यायचाच असेल तर शंभर-एकशेवीस चौरस फुटांना एक टन पुरतो, पण ऊन आधी अडवलेलं असेल तरच. पत्र्याखाली आणि उघड्या पश्चिमेला दीड टनही धापा टाकतो.

टेबल कुठे ठेवायचं

आता मोजपट्टी घ्या. आतून, गिलाव्याला टेकवून मोजा. करारात लिहिलेले दहा फूट बहुतेक वेळा साडेनऊच भरतात.

नेहमीच्या मांडणीत मागे खुर्चीला तीन फूट, टेबल दोन फूट, समोर बसणाऱ्याच्या गुडघ्यांसकट तीन फूट. बारातले आठ फूट तिथेच संपले. उरले चार, त्यात वाट बघणारे, चपला, कूलर, सगळंच. शिवाय मालक शटरकडे तोंड करून बसला तर दिवसभर डोळ्यांवर उजेड, पाठ करून बसला तर स्क्रीनवर चकाकी.

मी टेबल लांब भिंतीला लावतो. प्लायची पाटी आठ बाय चारची येते. मधून चिरली की दोन फूट रुंद आणि आठ फूट लांब अशा दोन फळ्या निघतात, आणि एका ऑफिसला एक पुरते. दुसरी पुढच्या गिऱ्हाइकाला जाते किंवा तिचीच फडताळं होतात. १९ मिलीची घ्या, खाली लोखंडी अँगलची चौकट, दर तीन फुटांच्या आत आधार. त्यापेक्षा जास्त अंतर सोडलं तर दोन वर्षांत फळीला पोट सुटतं. उंची तीस इंच. स्क्रीन शटरला काटकोनात येते, उजेड बाजूने पडतो, डोळे दुखत नाहीत. आठ फुटांत दोन माणसं आरामात काम करतात.

रुंदीचा हिशेब असा: टेबल दोन फूट, खुर्ची तीन, समोरच्या भिंतीला दीड फुटाचं बाकडं, मध्ये साडेतीन फुटांची वाट. गाळा साडेनऊचाच निघाला तर अर्धा फूट वाटेतून कापा, खुर्चीतून नको. छताचा पंखा मधोमध असतो, तो खुर्चीजवळच येतो आणि सरकायचं कारणच उरत नाही.

यावर पहिली हरकत येते, "गिऱ्हाईक आलं की तोंड भिंतीकडे? बरं नाही दिसत." फिरती खुर्ची आहे, वळा. आणि गिऱ्हाईक समोर न बसता बाजूला बसलं की त्याला स्क्रीन दिसते. फॉर्मवर नावाचं स्पेलिंग, खाते क्रमांक, गट नंबर तो स्वतः वाचून घेतो. चुका तिथेच पकडल्या जातात, परत येण्याचे फेरे कमी होतात आणि गर्दीही. फक्त त्याच्या आधीच्या माणसाचं काही स्क्रीनवर उघडं राहू देऊ नका. वास्तू मानणाऱ्यांसाठी: उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीला टेबल लावलं की तोंड आपोआप तिकडेच होतं, बहुतेक गाळ्यांत एक तरी लांब भिंत तशी सापडते.

इन्व्हर्टर दोन तासांत बसतो

दुकानदार म्हणतो बॅटरी जुनी झाली. असेलही, पण आधी बेरीज करा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते. तोटा वजा जाता हाती साधारण १,२०० धरा. डेस्कटॉप १५० वॉट, जुना पंखा ७५, दोन जुन्या ट्यूब ८०, त्यात कुणीतरी गुपचूप कूलर जोडलेला, तो १५०-२००. झाले साडेचारशे-पाचशे, म्हणजे अडीच तास. आता लॅपटॉप ६०, बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा ३०, एलईडी २०, राउटर १०. झाले १२०, म्हणजे दहा तास. बॅटरी तीच. बीएलडीसी पंखा साध्यापेक्षा महाग असतो, पण दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा खूपच स्वस्त. लेझर प्रिंटर इन्व्हर्टरवर जोडूच नका. तापताना तो एकदम पाचशे-हजार वॉट मागतो आणि सगळंच बसतं.

बॅटरी ठेवायची जागा हा दुसरा घोटाळा. जागा वाचवायला तिला टेबलाखाली बंद कपाटात कोंडतात किंवा पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर चढवतात. शिसे-आम्लाच्या बॅटरीला २५ अंशांच्या वर दर १० अंश वाढले की तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. पोटमाळ्यावर मेमध्ये किती असतं तुम्हीच बघा. शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्याला मोकळी हवा हवी. मागच्या भिंतीला, खाली, एक्झॉस्टच्या बाजूला उघडी ठेवा आणि तिचं पाणी महिन्यातून एकदा बघायची सवय लावा.

एक गोष्ट मात्र बजेटच्या नावाखाली टाळू नका. लोखंडी कूलर, खाली सांडलेलं पाणी, अर्थिंग नसलेला बोर्ड, यात दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. कूलरला स्वतंत्र तीन पिनांचा पॉइंट, खरोखर जोडलेलं अर्थिंग आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच). इलेक्ट्रिशियन "गरज नाही भाऊ" म्हणाला तर इलेक्ट्रिशियन बदला. जड वस्तूंच्या १६ अँपिअरच्या पॉइंटला अडीच एमएमची तांब्याची वायर, दीड टनाच्या एसीला चार. टेबलाच्या मागच्या कडेला भिंतीवरून केसिंगपट्टी (वायरी झाकणारी पट्टी) फिरवून दर दोन फुटांवर सॉकेट काढलं की एक्स्टेन्शन बोर्ड ऑफिसातून कायमचा जातो.

टेबल रिकामं केलं की आठवड्यात परत भरतं

पाचोऱ्याच्या एका ऑफिसात मालकासोबत बसून टेबलावरचा एकेक कागद उचलून विचारत गेलो, "हा इथे का?" फार थोडे कागद त्या दिवसाच्या कामाचे निघाले. काही संपलेल्या कामांचे. बाकी सगळे अडकलेले: एकाच्या सहीसाठी, एकाच्या बँक पासबुकाच्या झेरॉक्ससाठी, एकाचं आधार मोबाइलला जोडलेलं नाही म्हणून, एकाचा भाऊ पुण्याहून यायचाय म्हणून. मालकाने ते समोर ठेवले होते कारण डोळ्याआड केले तर विसरतील. आणि मधल्या वेळात दारातून "मन्हं काम व्हयनं का?" असं विचारणारे येतच होते. त्या प्रत्येकासाठी गठ्ठा उपसला जायचा आणि वेगळ्याच क्रमाने परत रचला जायचा.

तेव्हा अडकलेल्या कागदांना टेबलावरून उठवायचं, पण नजरेसमोरच ठेवायचं. टेबलाच्या वर भिंतीला, बसल्या हाताला पोचेल अशी एक फळी, त्यावर उभ्या फाइली. प्रत्येक अडकलेल्या कामाला एक पारदर्शक फोल्डर, वर चिठ्ठी: काय हवंय, कुणाकडून, कधी सांगितलं. आडवा गठ्ठा वाढत जातो, उभी रांग भरली की भरली. फळी भरली म्हणजे फोन करायची वेळ झाली.

आता फाइली लावायच्या कशा? आडनावाने लावू नका. आपल्याकडे पाटलांचा कप्पा ओसंडून वाहतो, चौधरी-महाजनांचा त्याच्या मागोमाग, आणि बाकी कप्प्यांत दोन-दोन फाइली. मोबाइल नंबरानेही नको, लोक सिम बदलतात. गावाने लावा, गावात नाव आणि वडिलांचं नाव. दारातला माणूस स्वतःची ओळख अशीच देतो, तुम्ही विचारायच्या आधी गाव सांगतो. फाइलच्या पाठीवर गावाचं नाव मोठ्या अक्षरात असलं की तुम्ही चहाला गेला असाल तरी पोऱ्या फाइल काढून देतो.

संपलेल्या कामांना लोखंडी कपाट नको. तीन फुटांचं कपाट दीड फूट खोल असतं, वर दार उघडायला आणखी दीड फूट मोकळे सोडावे लागतात; म्हणजे नऊ चौरस फूट, एकशेवीसमधले. स्लॉटेड अँगलचं रॅक तीन फूट रुंद, सव्वा फूट खोल, दार नाही. बॉक्स फाइलची पाठ तीन इंचांची, म्हणजे एका फळीवर बारा. सात फूट उंचीत पाच फळ्या, साठ फाइली, पावणेचार चौरस फुटांत. जमिनीला टेकून उभं राहतं, जागामालकाच्या भिंतीला फारशी भोकं लागत नाहीत. वरच्या टोकाला मात्र भिंतीशी एक क्लॅम्प हवाच, भरलेलं रॅक पुढे कलंडतं.

आणि सगळंच ठेवायचं नसतं. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायच्या असतात, ते रॅकवर राहू द्या. पण गिऱ्हाइकाची मूळ कागदपत्रं पोच घेऊन परत द्या, ती त्याची आहेत, तुमच्या जागेचं भाडं ती भरत नाहीत. आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे तर साठवूच नका आणि तसेच रद्दीतही टाकू नका. फाडून टाका. पेट्रोल पंपाच्या किंवा एटीएमच्या गुळगुळीत पावत्या उन्हाळ्यात कोऱ्या होतात, हिशेबाला लागणार असतील तर आल्या दिवशीच झेरॉक्स काढा किंवा फोटो घ्या.

गर्दीच्या दिवशी

पीक विम्याची मुदत, कर्जाचं नवं-जुनं, शिष्यवृत्तीचे फॉर्म. अशा दिवशी एका कामाला तिघे येतात: ज्याचं काम तो, त्याचा मुलगा आणि सोबतीला कुणीतरी नाना. तिघांनाही आत बसवायचा हट्ट सोडा. ओट्यावर शेडनेटच्या सावलीत एक बाकडं आणि पाण्याचा माठ ठेवा, आत फक्त पाळी आलेला. आतल्या बाकड्याची बैठक उचलती करून घ्या, खाली कागदाची रीम आणि चुन्याचा डबा मावतो.

पैसा कुठे आधी

उन्हाच्या आडोशापासून सुरू करा, मग अर्थिंग-वायरिंग, मग एक्झॉस्ट आणि पंखा, मग तुमची खुर्ची. टेबल आणि रॅक त्यानंतर, नावाची पाटी सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. पाटीवर आणि दर्शनी सनमायकावर अर्धं बजेट जातं, आणि वायरिंगला "सध्या चालवून घेऊ".

खुर्चीवर दिवसाचे आठ-दहा तास जातात. रेक्झिनची गुबगुबीत साहेबी खुर्ची घेऊ नका, एप्रिलात पाठ भिजते आणि दोन उन्हाळ्यांत रेक्झिन सोलवटतं. जाळीच्या पाठीची घ्या. जुनी घेत असाल तर बसून पाच मिनिटं गप्पा मारा. तेवढ्यात ती हळूहळू खाली बसत असेल तर गॅस गेलेला आहे. बंद झालेल्या ऑफिसांचं सामान विकणाऱ्यांकडे चांगल्या खुर्च्या मिळतात, पण टेबलं आणू नका. ती मोठ्या ऑफिसांच्या मापाची असतात.

भाड्याच्या जागेत सगळं नट-बोल्टवर करून घ्या. सुतार खिळे आणि फेव्हिकॉलवर भागवायला बघतो, त्याला काम पटकन उरकतं. तीन वर्षांनी जागा सोडताना चिकटवलेलं टेबल तोडून न्यावं लागतं, बोल्टचं सोडून.

आत्ता एप्रिलच चालू असेल तर

एका रविवारात एवढं होतं. सकाळी टेबल लांब भिंतीला लावा, नवं करायची गरज नाही, आहे तेच. रुंदी अडीच फुटांपेक्षा जास्त असेल तर बाकड्याची बाजू कमी करा. लोखंडी कपाटातल्या मूळ कागदपत्रांच्या मालकांना फोन लावा. दुपारी शेडनेट ताणा. कूलर बाहेर काढून तोंड आत करा. एक्झॉस्ट बसेपर्यंत मागचा झरोका उघडा आणि त्याच्यापुढचा पोटमाळ्यावरचा पसारा हटवा. संध्याकाळी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, त्याशिवाय सोमवारी कूलर सुरू करू नका. एक्झॉस्ट, केसिंगपट्टी आणि फळ्या नंतर एकेक करत बसवता येतात. लग्नसराईत सुतार सांगितलेल्या दिवशी येत नाही, त्यामुळे त्याच्या कामाला दोन आठवडे जास्तीचे धरा. कूलरचं गवत मात्र पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच बदलून घ्या, एप्रिलात तेच गवत जास्त पैशांना आणि रांगेत उभं राहून मिळतं.